उपाशी दाणे

फुलसिंगच्या घरी डाळ शिजत नसे. कुकरच्या शिट्या ऐकून शेजारी कंटाळायचे, पण वाढायला घ्यावं तर डाळ तळाला आणि पाणी वर, वाटण्या झालेल्या भावांसारखे दोघं वेगळे. तूर घरच्या वावरातली, एक नंबरची. तिला नाव ठेवायला जागा नव्हती. दोष बोअरच्या पाण्याचा होता. दिग्रसजवळच्या त्या तांड्याला जमिनीनं पाणी भरपूर दिलं, पण देताना त्यात चुनाही सढळ हातानं कालवला. साबण झिजून जायचा, फेस मात्र येत नसे. नळांच्या तोंडांना पांढऱ्या दाढ्या फुटलेल्या. पाणी तापवायची कॉइल तर दर दिवाळीला नवी लागायची. फुलसिंगची बायको रामीबाई पिण्यापुरता एक हंडा लांबच्या विहिरीवरून आणायची, बाकी सगळं घर बोअरच्या मेहरबानीवर.

यावर उपाय म्हणून फुलसिंगनं चार वर्षांपूर्वी एक मशीन आणली होती. दिग्रसमधला एक लॉज बंद पडत होता, त्याच्या सामानात ही पाणी मऊ करणारी मशीन निघाली. पुरुषभर उंचीची निळी टाकी, तिच्या डोक्यावर काळं हँडल, आणि शेजारी मिठासाठी झाकणाचा ड्रम. फुलसिंगला हँडल असलेल्या कुठल्याही वस्तूचा मोह पडायचा. टेंपोत टाकीला मिठी मारून तो उभ्यानं घरी आला. लॉजचा मॅनेजर सोबत आला, त्यानं मशीन बसवून दिली, एकदा मीठ घालून सगळं करून दाखवलं आणि गेला. मग महिनाभर मशीन अशी चालली की विचारू नका. वरण एकजीव, आंघोळीला फेसच फेस. तांड्यातल्या बाया डाळीपुरतं पाणी न्यायला यायच्या आणि फुलसिंग प्रत्येकीला, तिनं विचारलेलं नसताना, हँडल कसं फिरवायचं ते समजावून सांगायचा.

महिन्यानं पाणी पुन्हा मूळ वळणावर गेलं. फुलसिंगनं ड्रममध्ये मीठ भरलं, हँडल फिरवलं. काही नाही. पुन्हा मीठ, पुन्हा हँडल. बरीच पोती रिकामी केल्यावर त्यानं हात टेकले. तेव्हापासून मशीन घरामागं उभी होती. हँडलला कपडे वाळवायची दोरी, ड्रमवर कोंबड्या. तांड्यात कोणाची मोटरसायकल सुरू होईना की लोक म्हणायचे, "झाली का फुलसिंगची मशीन?" फुलसिंगही त्यांच्यासोबत हसायचा. पण ते त्याला लागायचं, चांगलंच लागायचं.

हे असंच चालू राहिलं असतं, पण सुनेनं तोंड उघडलं.

सून म्हणजे संगीता. माहेर पुसदचं, धरणाच्या गोड पाण्यावर वाढलेली. तिचा नवरा इंद्रजीत दिग्रसच्या जिनिंगमध्ये कामाला. संगीता सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची, पण जिभेवर घ्यायची नाही. सकाळी पेपर मोठ्यानं वाचायची आणि बातमीवरून फुलसिंगशी वाद घालायची. फुलसिंग रोज हरायचा आणि रोज खूश असायचा. आता तिला पाचवा महिना लागला होता आणि घरात सगळे तिच्या पावलाकडे बघून चालत होते.

बुधवारी जेवताना ती म्हणाली, "बापू, एक सांगू का? राग नका मानू. आमी दिग्रसले खोली पाहून राह्यलो. रविवारी जाऊन राह्यलो पाहाले."

फुलसिंगचा घास हातातच राहिला. "काहून? काय कमी हाय इथं?"

"कमी काई नाई, चुना जास्त हाय. माह्ये केस पाहा, कंगवा फिरवाले भेव वाटते. माह्यं जाऊ द्या. उद्या लेकरू येईन. त्याले ह्या पाण्यात न्हाऊ घालू? त्याच्या लंगोट्या ह्या पाण्यात धुतल्या तं वाळल्यावर टिनासारख्या उभ्या राह्यतीन."

इंद्रजीत ताटातल्या भाकरीकडे असा बघत होता की जणू ती आज पहिल्यांदा भेटली. रामीबाई वाढता वाढता थांबली. फुलसिंगच्या मनात ते नातवंड केव्हाचं अंगणात रांगत होतं, त्याच्या मिशा ओढत होतं. आणि आता ते दिग्रसच्या कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत रांगणार, आणि आजा रविवारच्या रविवार पाहुण्यासारखा पिशवीत केळी घेऊन जाणार!

"रविवारपर्यंत मशीन चालू झाली तं?" तो म्हणाला.

"बापू, ते मशीन आता..." इंद्रजीतनं सुरुवात केली.

"तुले नाई इचारलं. संगीता, झाली तं?"

संगीतानं हसू दाबलं. "पाणी मऊ झालं तं मी कायले जाईन? मले काय चार भांड्यात संसार मांडाची हौस हाय?"

"ठरलं. अन् नाई झाली, तं मी सोता तुमचं सामान ट्रॅक्टरवर टाकून देईन."

बोलायला बोलून गेला, पण आचवताना त्याची नजर घरामागच्या मशीनकडे गेली. रविवार काही लांब नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं पुतण्याला, भारतला, बोलावलं. भारतचं फाट्यावर मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. माणूस दिलदार आणि उत्साही; फक्त त्यानं पंखा दुरुस्त केला की घरातला मिक्सर बंद पडायचा. त्यानं कोंबड्या हाकलल्या, दोरी सोडली, पाना लावून टाकीचं डोकं उघडलं आणि आत हात घातला. ओंजळीत बारीक, पिवळसर तपकिरी, ओले दाणे आले.

"काका, यात तं कोनं मोहरी भरून ठेवली!"

वास कुबट होता. भारतनं नाक धरून निदान केलं, "सडली. फेकून देऊ, मस्त नदीची वाळू भरू." एवढं बोलून त्यानं घमेलंभर दाणे बाहेर काढलेसुद्धा. फुलसिंगनं घमेल्याला दोन्ही हातांनी धरलं आणि आधी कोणाला तरी विचार म्हणून तो त्याच्यावर ओरडला. भारतच्या ओळखीचा एक मशीनवाला यवतमाळला होता. त्याला फोन लावला. रामीबाई तेव्हा विहिरीवर गेली होती, नाहीतर पुढचं रामायण तिथंच संपलं असतं.

मशीनवाल्यानं आधी नवीन मशीन घ्या म्हणून सांगून पाहिलं. फुलसिंग बधेना, तेव्हा तो सरळ बोलायला लागला. "दाणे ओले हायेत ना? मंग मेले नाई, मिठाविना उपाशी हायेत. हे दाणे पाण्यातला चुना धरून ठेवतात. धरून धरून पोट भरलं चुन्यानं की थांबतात. मंग त्यायले मिठाचं पाणी पाजा लागते. मीठ चुना सोडवून घेते, ते पाणी वाहून जाते अन् दाणे पुन्हा कामाले लागतात. तुमी मीठ कमी टाकलं असन."

फुलसिंग भडकला. "कमी? पोतंच्या पोतं ओतलं म्या!"

"मंग मिठाची नळी चोक झाली असन. साफ करून पाहा."

नळी खरंच चोक होती. आत माती होती, मुंग्यांचं घर होतं आणि पालीची दोन अंडी होती. मिठाचं पाणी ओढणारं बारीक भोक संगीताच्या शिवणाच्या सुईनं मोकळं केलं. भारतनं जोर लावून ड्रमची तोटी तोडली आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पुन्हा बसवली. दाणे धुतले, परत भरले. घमेल्यातले मूठभर तेवढे राहून गेले. शुक्रवारी संध्याकाळी टाकीचं डोकं बसलं आणि भारतनं दोन पोती जाड मीठ ड्रममध्ये ओतून झाकण लावलं. बोअरच्या मोटरची वीज पहाटे यायची. म्हणून रीत अशी होती की संध्याकाळी मीठ भरून ठेवायचं, पहाटे नळीनं ड्रममध्ये पाणी सोडायचं, मीठ विरघळलं की हँडल फिरवायचं.

शनिवारी सगळं रीतसर झालं. दुपारी फुलसिंगनं मशीनचं पाणी काचेच्या बाटलीत घेतलं, त्यात साबणाचा तुकडा टाकून हलवलं. पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि वर साय यावी तसा चिकट थर धरला. फेसाचं नाव नाही. त्यानं हात दुखेपर्यंत बाटली हलवली.

"काका," भारत हळूच म्हणाला, "ट्रॅक्टरमंदी डिझेल हाय ना?"

फुलसिंगनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाने-पक्कड गोळा करायला लागला. फुलसिंगला रडू यायचं बाकी होतं. त्यानं चिडून ड्रमचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पुन्हा लावलं. ते पाणी आळणी वरणाइतकंसुद्धा खारट नव्हतं.

"भारत, काल मीठ ओतलं ना तू?"

"ओतलं ना. तुमच्या समोर."

"मंग गेलं कुठं?"

ड्रम कुठं गळत नव्हता. खाली जमीन कोरडी. दोघं ड्रमभोवती वाकून फिरत होते, तेवढ्यात फुलसिंगचं लक्ष गोऱ्ह्याकडे गेलं. गोऱ्हा मागच्या दाराचा उंबरा चाटत होता, मोठ्या चवीनं, डोळे मिटून. फुलसिंग उंबऱ्याशी गेला. फटीत पांढरे खडे चमकत होते. तिथून चार खडे स्वयंपाकघरात, दोन पुढं धान्याच्या खोलीच्या दाराशी. खोलीत कोपऱ्यात दोन रांजण, तोंडाला फडकं बांधलेले. त्यानं फडकं सोडलं. एक रांजण गळ्यापर्यंत मीठ, दुसरा अर्धा.

मागं रामीबाई उभी होती.

"हे काय हाय?"

"मीठ," रामीबाई म्हणाली.

"कोणाचं?"

"आपलंच." मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "म्याच काढलं. कालचं बी अन् तवाचं बी. मूठभर खाली ठेवत होतो, अगदीच रिकामं नको म्हणून."

फुलसिंग तिच्याकडे बघतच राहिला. "काहून?"

"काहून? तो लॉजवाला करून दाखवून गेला ना, तवा म्या पाह्यलं. नालीच्या काठी मीठ सुकून पांढरं झालं होतं. त्याच्यावरून पोट्टे चपला घालून जाऊन राह्यले! तुमच्या आज्याचा आजा लदेणीवर होता. बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख हिंडला. गोणी फुटली तं बाया रस्त्यावर बसून खडा खडा वेचत. मीठ पायाखाली गेलं तं पापणीनं वेचा लागते, हे माह्यी सासू मरेस्तोवर सांगत होती. त्या घरात येऊन मी पोत्यानं मीठ नालीत जाऊ देऊ? पहाटे घमेल्यानं काढून घ्यायचो. ढोरायले घातलं, लोणच्याले वापरलं, शेजारच्या तानाबाईले देल्लं."

"चार वर्षं तांडा मले हसून राह्यला, रामी! चार वर्षं! अन् आता लेक-सून घर सोडून चालले!"

रामीबाईचे डोळे भरले. "मले काय मालूम, मिठावर मशीन चालते म्हणून? मले वाटलं, मशीन तं बंदच हाय, मीठ तरी वाचावं. म्या तवा इचारलं होतं तुमाले, मीठ कायले टाकता? तुमी म्हणलं, तुले नाई समजत."

म्हटलं होतं फुलसिंगनं. नुसतं तेव्हाच नाही, लग्न झाल्यापासून म्हणत आला होता, पाणी पी म्हणावं इतक्या सहज. तांड्यातल्या सगळ्या बायांना हँडल समजावून झालं होतं. घरातली एकच तेवढी राहिली होती, आणि तिनंच मशीन बंद पाडली. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि लाजेनं राग कुठल्या कुठं पळवून लावला.

तो बाहेर गेला, घमेल्यात राहिलेले दाणे मुठीत घेऊन आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. "हे पाहा," तो म्हणाला, आणि मशीनवाल्यानं सांगितलेलं सगळं त्यानं सावकाश सांगितलं. चुना कसा धरतात, पोट कसं भरतं, मीठ काय करतं. मध्ये रामीबाईनं दोनदा प्रश्न विचारला आणि दोन्ही वेळा त्यानं उत्तर दिलं, टोमणा न मारता. भारत दारात तोंड उघडं टाकून उभा होता; काकाचं असं रूप त्यानं पाहिलं नव्हतं.

रामीबाईनं एक दाणा बोटांत धरून चोळून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे सणाले तांब्याचा हंडा आपण चिंच-मिठानं घासतो, तसं? हे दाणे म्हणजे हंडे अन् मीठ त्यायले घासते?"

"बरोब्बर तसं!"

"हंडा घासलेलं मीठ बी वाहूनच जाते." तिनं दाणा त्याच्या तळहातावर परत ठेवला. "पण ते वाया नाई जात. कामाले येऊन जाते. असं सांगाचं ना मंग!" आणि ओढणी खोचून ती उठली. "पण नालीत नाई सोडाचं. कुपाजवळ जिथं कोणाचा पाय पडत नाई, तिथं खड्डा करा. पाणी तिथं जाईन. तरच मीठ देईन."

फुलसिंगनं तिथल्या तिथं कुदळ उचलली. ऊन उतरेपर्यंत तो आणि भारत कुंपणाजवळ खड्डा खणत होते, आणि रामीबाई खोली तपासायला येऊन 'अजून' म्हणून परत जात होती. संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं रांजणातलं मीठ ड्रममध्ये घातलं. पहिली चिमूट कपाळाला लावली. झाकणही तिनंच लावलं आणि फुलसिंगला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "आता चोरी होत नाई."

रविवारी अंगणात जत्रा. पैजेची बातमी भारतच्या दुकानावरून तांडाभर झाली होती. तांड्याचे नायक पूनमसिंग खुर्ची मागवून बसले. बाया काखेत हंडे घेऊन आल्या, कारण आशा कोणाला सुटते? संगीता आणि इंद्रजीत तयार होऊन उभे, मोटरसायकल दाराशी. फुलसिंगनं हँडल फिरवलं. मशीन गुरगुरली, खड्ड्याकडची नळी थरथरली, ड्रममधलं पाणी बोटाबोटानं खाली सरकायला लागलं. भारत म्हणाला, "पेऊन राह्यली, पेऊन राह्यली!" मग धुण्याचं पाणी निघून गेलं, आणि फुलसिंगनं हँडल शेवटच्या खुणेवर आणून ठेवलं.

बाटली संगीतानं घेतली. साबणाचा तुकडा टाकला आणि एकदा, दोनदा हलवली. फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत चढला आणि बूच उडवून तिच्या मनगटावर आला. अंगणात एकच गलका झाला. भारतनं शिटी मारली. संगीतानं बादली भरून घेतली, इंद्रजीतच्या हाती दिली आणि न्हाणीत गेली.

फुलसिंग न्हाणीच्या दाराकडे डोळे लावून उभा राहिला. फेस आला, पण सुनेचं मन अजून कळलं नव्हतं.

"फुलसिंग," नायकांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, "इतके दिवस काय झालतं रे हिले?"

सगळे ऐकायला पुढं झाले. रामीबाईचा हात ओढणीवर थबकला. फुलसिंगनं तिच्याकडे पाहिलं नाही. "काई नाई, नायक," तो म्हणाला, "मलेच चालवता येत नव्हती."

हसण्याची एक मोठी लाट उठली. फुलसिंगनं मान खाली घातली. एवढी सवय तर होतीच. पण लाट ओसरायच्या आधीच रामीबाई ओढणी सारून पुढं आली.

"खोटं बोलून राह्यले हे. मशीन चांगली होती अन् हे बी चांगले होते. मीठ मी काढून घेत होतो. नालीत जाते म्हणून. कोणाले हसाचं असन तं मले हसा."

एवढं सगळ्यांसमोर रामीबाई आजवर बोलली नव्हती. मग भिंतीशी हंडा घेऊन बसलेली म्हातारी तानाबाई म्हणाली, "हसाचं काय त्यात? म्या बी काढलं असतं."

"म्या बी," दुसरी म्हणाली.

"नालीत मीठ? बापा बापा!" तिसरी कानाला हात लावून म्हणाली. आणि बघता बघता सगळ्या म्हाताऱ्या रामीबाईच्या बाजूनं झाल्या, एकीनं तर न विचारता मीठ टाकलंच कसं म्हणून फुलसिंगला फैलावर घेतलं. नायक खुर्चीत हलून हलून हसत होते, पण आता ते हसणं निराळं होतं आणि त्यात फुलसिंगही मनापासून हसत होता. त्याला त्या क्षणी आपल्या बायकोचा इतका अभिमान वाटला की मशीनचा कधी वाटला नव्हता.

न्हाणीचं दार वाजलं. संगीता बाहेर आली. डोक्याला पंचा, एका हातात कंगवा. तिनं पंचा सोडला आणि ओल्या केसांतून कंगवा वरपासून खालपर्यंत फिरवला. तो कुठं अडला नाही. तिनं कंगवा उजेडात धरून पाहिला.

"बापू," ती म्हणाली, "बाळंतपणाले तं मी पुसदलेच जाईन. पयलं हाय, माय आयकणार नाई."

"हो, हो, ते तं हायेच," फुलसिंग घाईघाईनं म्हणाला.

"अन् मंग लेकरू घेऊन इथंच येईन. आजा-आजीच्या घरी." मग ती इंद्रजीतकडे वळली. "खोलीवाल्याले फोन करून सांगून द्या, येत नाई म्हणून. " आणि सासूकडे बघून म्हणाली, "याडी, मीठ तेवढं संपू देऊ नका."

"मिठाचं मी पाहीन," रामीबाई म्हणाली.

फुलसिंगला काही तरी छानसं बोलायचं होतं. पण डोळ्यांसमोर सगळं पाणी पाणी झालं. लोकांना दिसू नये म्हणून तो मशीनकडे वळला आणि उगाचच हँडलला हात घातला.

"काका!" भारत जिवाच्या आकांतानं ओरडला. "आता तरी नका फिरवू!"